सौरदिवा निवडताना आषाढ आठवावा

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातील गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्या, वयाची सत्तरी ओलांडलेल्या एका भगिनीच्या हाताला प्लास्टर घातल्याचे समजले, म्हणून मी त्यांना भेटावयास गेलो होतो. त्यांचे शौचालय घराच्या मागे, पाच पायऱ्या उतरून आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने नाताळच्या सुट्टीत त्या पायऱ्यांच्या वर भिंतीला सौरदिवा बसवून दिला होता. नाताळात तो पहाटेपर्यंत जळत असे व शेजारीपाजारी कौतुकाने पाहून जात. जून सरता सरता तो रात्री नऊला विझू लागला, पुढे आठला. एका रात्री गावची लाइटही गेली होती. आजी सवयीने मागच्या दाराने निघाल्या, तिसऱ्या पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडले. मला त्या म्हणाल्या, "फादर, दिवा नव्हता तवा मी हातात बॅटरी घिऊन जात हुते. दिवा आल्यापासनं बॅटरी कुठं ठिवली त्येच आठवंना."

त्यांचे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. अंधाराची सवय असलेला माणूस जपून चालतो; भरवशाचा वाटणारा, पण ऐन वेळी दगा देणारा दिवा त्याची ती सावधगिरीच काढून घेतो. म्हणून सौरदिव्याची निवड हा केवळ चार पैशांच्या बचतीचा प्रश्न नाही. गेल्या काही महिन्यांत अनेक धर्मग्रामस्थांनी याविषयी माझ्याकडे विचारणा केली. मी काही अभियंता नाही. परंतु आमच्या चर्चच्या आवारातही असेच दिवे लावून पस्तावल्यानंतर जाणकारांकडून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

प्रथम एक साधी बाब लक्षात घेऊ. आपल्याकडे सौरदिवे प्रामुख्याने विकत घेतले जातात ते दिवाळी ते नाताळ या काळात. हा काळ निरभ्र आकाशाचा. दिवस लहान असला तरी ऊन स्वच्छ असते, हवा थंड असल्याने पॅनेलचे काम चांगले चालते, आणि दुकानातला कोणताही दिवा त्या दिवसांत बऱ्यापैकी उजेड देतो. अर्थात, ज्या काळात आपण त्याची परीक्षा पाहतो, तो काळच परीक्षेचा नसतो. खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. त्याच दिवसांत वारा-पावसाने विजेच्या तारा तुटतात, डीपी जळतो, अंगण निसरडे होते आणि सापही अडगळीच्या कोरड्या जागी येऊन बसतात. दिव्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच त्याला ऊन सर्वांत कमी मिळते. सौरदिवा घेणाऱ्याने या विसंगतीशीच प्रथम ओळख करून घ्यावयास हवी.

त्यातही सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत आभाळ सर्वत्र सारखे नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटावमध्ये आणि सांगलीतील जतमध्ये तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. जतला जुलैमध्येही उन्हाची तिरीप मिळत राहते. जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि शिराळ्याचा पश्चिम पट्टा येथे मात्र सूर्यदर्शनाविना आठवडा जाणे ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे मिरजेच्या पाहुण्याकडे उत्तम चाललेला दिवा पाहून तोच नमुना बामणोलीला नेऊन लावणे हा शहाणपणाचा व्यवहार होणार नाही.

या भागाच्या नशिबी एक विरोधाभासही आहे. १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना जलविद्युत प्रकल्प आपल्याच पाटण तालुक्यातील पाण्यावर चालतो आणि वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. तरीही शिवसागर जलाशयाच्या काठच्या दुर्गम वाड्यांत पावसाळ्यात दिवसेंदिवस वीज नसते, हे तिकडे ये-जा करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. वीज निर्माण होणे वेगळे आणि ती आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोचणे वेगळे.

आता दिव्याकडे वळू. सौरदिव्याचे अवयव चार: ऊन घेऊन वीज तयार करणारे पॅनेल, ज्याला आपल्याकडे सरसकट 'प्लेट' म्हणतात, ती वीज साठविणारी बॅटरी, प्रत्यक्ष उजेड देणारा एलईडी, आणि बॅटरी जास्त भरू न देणारे व पूर्ण रिकामीही होऊ न देणारे नियंत्रक. दुकानदार आपल्याशी बोलतो ते नेहमी तिसऱ्या अवयवाविषयी, म्हणजे एलईडी किती, उजेड किती याविषयी. वास्तविक एलईडी हा या चौघांतील सर्वांत स्वस्त व सर्वांत टिकाऊ घटक आहे. दिवा बंद पडतो तो बहुधा बॅटरीमुळे, आणि रात्रभर पुरत नाही तो पॅनेल तोकडे असल्यामुळे.

खोक्यावर '१०० वॅट', '२०० वॅट', क्वचित '५०० वॅट' असेही छापलेले असते. या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. खरे-खोटे पडताळण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. शाळेतील मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी पुरे. आजची चांगली पॅनेले एका चौरस मीटरमधून भर उन्हात साधारण २०० वॅट देतात. याचा अर्थ, एक फूट लांब व एक फूट रुंद अशा पॅनेलमधून फार तर १८ ते २० वॅट मिळतील. आपल्या तळहाताएवढ्या पॅनेलमधून जेमतेम ३ वॅट. आता '१०० वॅट'चा दिवा आणि त्याला एक चौरस फुटाचे पॅनेल, अशी जोडी समोर आली तर हिशेब असा: आपल्याकडे वर्षाची सरासरी धरता दिवसाला सुमारे पाच तासांच्या भर उन्हाइतकी शक्ती मिळते. १८ गुणिले ५ म्हणजे ९०. त्यातून धूळ, उष्णता, बॅटरीत जाता-येता होणारी घट यांसाठी तीस टक्के वजा करा. उरतात सुमारे ६३ वॅट-तास. खरोखरच १०० वॅटचा दिवा असेल तर तो पाऊण तासही जळणार नाही. तो रात्रभर जळतो, याचाच अर्थ तो १०० वॅटचा नाही. दुकानदार खोटे बोलतो असे मला सुचवायचे नाही. पुष्कळदा त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसते. खोके जसे आले तसे तो विकतो.

मग आपल्याला किती लागते? अंगणासाठी, पायऱ्यांसाठी अथवा गोठ्यासाठी खरे ५ वॅट पुष्कळ झाले. चांगला एलईडी एका वॅटमागे १०० ल्युमेनच्या आसपास उजेड देतो. ल्युमेन हे उजेडाचे माप. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ८०० ल्युमेन देत असे, यावरून कल्पना यावी. ५ वॅटचा दिवा संध्याकाळचे चार तास पूर्ण तेजाने व उरलेले सात तास २ वॅटवर मंद ठेवला, तर एका रात्रीला ३४ वॅट-तास लागतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात १० वॅटचे पॅनेल हे भागवील, कारण १० गुणिले ५ आणि त्यातून तीस टक्के वजा, म्हणजे ३५. परंतु घाटमाथ्याजवळ जुलैमध्ये ऊन निम्म्यावर येते, आणि दाट ढगांच्या दिवशी पाचवा हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ. तेव्हा पश्चिम भागातील कुटुंबाने त्याच दिव्याला २० वॅटचे, जमल्यास त्याहून मोठे पॅनेल घ्यावे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण येथे १० ते १२ वॅटमध्येही भागेल. पॅनेल मोठे घेण्यात वाया काही जात नाही. दिव्याचे वॅट वाढविण्याऐवजी पॅनेलचे वाढवावेत, एवढे एक जरी ध्यानात राहिले तरी निम्मी फसगत टळेल.

बॅटरीच्या बाबतीत थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पैसे खरे तिथेच बुडतात. खोक्यावर '३००० एमएएच' असा आकडा असतो आणि तो मोठा दिसतो. पण नुसत्या या आकड्याला अर्थ नाही. त्याला बॅटरीच्या व्होल्टने गुणावे लागते. बागेत खोचावयाच्या शोभेच्या लहान दिव्यांत १.२ व्होल्टची बॅटरी असते. तिचे ३००० एमएएच म्हणजे ३.६ वॅट-तास. ३.२ व्होल्टच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचे ३००० एमएएच म्हणजे ९.६ वॅट-तास. आकडा तोच, पण साठा जवळजवळ तिप्पट. तुलनेसाठी सांगतो, आपल्या खिशातील ५००० एमएएचच्या मोबाइलमध्ये सुमारे १९ वॅट-तास असतात. वर सांगितलेला अंगणातला दिवा एका रात्रीत याच्या जवळजवळ दुप्पट वीज खातो. तेव्हा ज्या दिव्यात मोबाइलपेक्षा लहान बॅटरी आहे तो आपल्या पायऱ्यांवर रात्रभर कसा जळेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

सलग दोन रात्री ऊन न मिळता दिवा चालावा अशी अपेक्षा असेल तर ७० वॅट-तासांच्या आसपास साठा हवा. १२.८ व्होल्ट व ६ ॲम्पियर-तास अशी लिथियम फॉस्फेट बॅटरी ही गरज भागविते. दुसरा पर्याय जुना, शिसे-आम्लाच्या बॅटरीचा. ती स्वस्त असते, तालुक्याच्या गावी सहज मिळते व दुरुस्त करणाराही तिथेच भेटतो. पण तिच्यातील साठ्याचा निम्माच भाग वापरावा लागतो. रोज तळापर्यंत रिकामी केली तर दोन वर्षांत ती मान टाकते. शिवाय काही प्रकारांत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, आणि ते कोणी घालत नाही हा माझा अनुभव. लिथियम फॉस्फेटची बॅटरी साधारण दोन हजार वेळा भरता व रिकामी करता येते; रोज एकदा धरल्यास पाच वर्षे सहज होतात. 'लिथियम' एवढाच शब्द खोक्यावर असेल तर मात्र पुढे विचारावे. मोबाइलमध्ये असते त्या जातीचे साधे लिथियम उन्हाच्या तडाख्यात लवकर खचते. जत-आटपाडीच्या चैत्र-वैशाखात खांबावरचा पत्र्याचा डबा किती तापतो, याची कल्पना त्या भागातील वाचकांना मी देण्याची गरज नाही.

पॅनेल, बॅटरी व दिवा एकाच पेटीत असलेले दिवे आजकाल लोकप्रिय आहेत. बसविणे सोपे, वायरिंग नाही. तथापि त्यात एक अडचण आहे. दिवा आपल्याला हवा असतो पडवीत अथवा पायऱ्यांवर, जिथे सावली असते. पॅनेलला हवे असते ऊन. एकाच पेटीत दोघांचेही समाधान होत नाही. त्या आजींच्या दिव्याचे हेच झाले होते. तो घराच्या उत्तरेकडील भिंतीला, पागोळीच्या खाली होता. त्यावर ऊन पडे ते सकाळी अर्धा तास. पॅनेल वेगळे असलेला, पाच-दहा मीटर वायरने जोडलेला दिवा घेतला तर पॅनेल कौलांवर जाते आणि दिवा जिथे हवा तिथे राहतो. पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे. सांगली सुमारे १७ अक्षांशावर व सातारा त्याच्या किंचित उत्तरेस, म्हणून कलही साधारण १७ ते २० अंशांचा ठेवावा; त्यामुळे पावसाने पॅनेल आपोआप धुऊनही निघते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर नारळाच्या झावळीची सावली पडली तरी सगळ्या पॅनेलची वीज घटते, कारण आतील घरे एकामागून एक साखळीसारखी जोडलेली असतात.

पॅनेल पुसण्याबाबत आपल्या भागाची एक खास गोष्ट आहे. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी काजळी पडते, तीच पॅनेलवरही पडते. कारखान्याजवळच्या गावांनी हंगामात दर आठवड्याला ओल्या फडक्याने ती पुसावी. साबण अथवा घासणी लावू नये. महाबळेश्वर-पाचगणीकडे काजळी नाही, पण माकडे आहेत. तिथे मोकळी लोंबती वायर ठेवणे म्हणजे त्यांना आमंत्रणच!

पेटीवर 'आयपी ६५' असे लिहिलेले पाहावे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ असेल तर धूळ आत जात नाही व सर्व बाजूंनी पाण्याचा फवारा आला तरी चालते. खोक्यावर नुसते 'वॉटरप्रूफ' लिहिलेले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

उजेडाच्या रंगाविषयीही दोन शब्द. दुकानात पांढराशुभ्र, निळसर दिवा अधिक प्रखर वाटतो व आपण तोच उचलतो. तो सुमारे ६,५०० केल्विनचा असतो. त्याच्याकडे किडे अधिक येतात, किड्यांमागून पाली व बेडूक, आणि बेडकांमागून जे येते त्याचे नाव रात्री घेऊ नये असे जुनी माणसे सांगत. पायऱ्या, गोठा, सरपणाची जागा येथे ३,००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर दिवा लावावा. घोणस आणि फुरसे या भागात सर्वत्र आढळतात. माणसाची चाहूल लागताच पेटणारा, एरवी अंधारात राहणारा दिवा बॅटरी वाचवितो हे खरे. पण तो आपण जवळ गेल्यावर, कधी पाऊल पुढे पडल्यावर पेटतो. म्हणून साप-विंचवाच्या जागी कायम मंद तेवणारा व चाहूल लागताच प्रखर होणारा प्रकार बरा. पाटण, कराड, शिराळा येथील उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने अनेकांनी गोठ्यावर मोठे 'फोकस' लावले आहेत. उजेडाने बिबट्या दूर राहीलच अशी खात्री कोणी देऊ नये. गोठ्याला दार व जाळी हवीच. उजेडाचा उपयोग एवढाच की दार उघडण्यापूर्वी बाहेर काय आहे ते आपल्याला दिसते.

आता घरातील दिव्यांविषयी. येथे माझे मत काहींना रुचणार नाही. ज्या घरी वीज रोज येते व फक्त तास-दोन तास जाते, तिथे सौरदिव्याची गरज नाही. विजेवर भरला जाणारा व लाइट गेल्यावर आपोआप पेटता राहणारा इन्व्हर्टर बल्ब काहीशे रुपयांत मिळतो. तो स्वयंपाकघरात व देव्हाऱ्यापाशी असा लावला की काम भागते. मिरज-सांगली शहरातील बहुतेक कुटुंबे याच वर्गात मोडतात. सौर गृहदीप, म्हणजे छपरावर पॅनेल, आत बॅटरी व दोन-चार दिवे, हा खरा उपयोगी पडतो तो वीज दिवसेंदिवस नसते तिथे, मळ्यातल्या एकाकी वस्तीवर, किंवा जिथे जोडणीच नाही तिथे.

ऊसतोड मजुरांच्या कोप्या हे त्याचे ठळक उदाहरण. बीड व अन्य भागांतून आलेली ही कुटुंबे हंगामात आपल्याच शिवारात पाचटाच्या आडोशाने राहतात. पहाटे काळोखात उठून चूल पेटवायची, लहान मुलांना झोपेतच सोडून फडावर जायचे. तिथे विजेची जोडणी कुठली? सुदैवाने त्यांचा हंगाम हिवाळ्याचा. जो लहान, हातात नेता येणारा सौरकंदील पाटणच्या पावसात कुचकामी ठरेल, तोच कोपीत चार महिने उत्तम चालतो. नाताळात भेटवस्तू देऊ इच्छिणाऱ्या आपल्या मंडळांनी व कुटुंबांनी याचा विचार करावा. देताना मात्र पक्के बिल व हमीपत्रही द्यावे, आणि दिवा बिघडला तर कोणाकडे आणावयाचा ते सांगावे.

बिघडल्यावर काय, हा प्रश्न या विषयात नेहमी शेवटी येतो; तो आधी यावयास हवा. मुंबईच्या आयआयटीने गेल्या दशकात विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाच्या दहा लाख सौरदिव्यांचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा दिवे कारखान्यातून तयार न आणता गावोगावच्या स्त्री-पुरुषांना शिकवून त्यांच्याच हातून जोडून घेतले होते. ज्याने दिवा जोडला त्याला तो उघडताही येतो. आपल्याकडे खांबावर लागलेले व वर्ष-दोन वर्षांत मेलेले सौरदिवे कितीतरी गावांच्या वेशीवर दिसतात. पॅनेल ठणठणीत, एलईडी ठणठणीत. फक्त बॅटरी संपलेली अथवा चोरीला गेलेली. ती बदलावयास कोणाची नेमणूक नाही. म्हणून खरेदीपूर्वी विचारावे: ही बॅटरी सुटी मिळते का, साताऱ्यात अथवा सांगलीत मिळते का, आणि पेटी स्क्रूने उघडते की चिकटवून बंद केलेली आहे? चिकटवलेली असेल तर तो दिवा बॅटरीच्या आयुष्याएवढाच जगणार. जुनी बॅटरी उकिरड्यावर अथवा चुलीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाच्या बॅटरीला तर मोडीतही पैसे मिळतात.

छपरावरील मोठ्या सौर यंत्रणेबद्दल पुष्कळांचा एक गैरसमज आहे. तो दूर केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार व तीन किलोवॅट अथवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. आपल्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम झाले. तेथे घरांबरोबर पथदिवे व पाणीपुरवठाही सौरऊर्जेवर आणला गेला. अभिमानाची गोष्ट आहे, आणि ज्यांचे वीजबिल मोठे आहे त्यांनी ही वाट जरूर चोखाळावी. परंतु अशी यंत्रणा साधारणपणे महावितरणच्या तारांना जोडलेली असते व तिला बॅटरी नसते. बाहेरची लाइट गेली की तीही आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला आपल्या छपरावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये यासाठी ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. तात्पर्य, छपरावर तीन किलोवॅट असूनही वादळाच्या रात्री घरात काळोख असू शकतो. बॅटरीसह हायब्रीड यंत्रणा घेतली तर गोष्ट निराळी, पण तिचा खर्च बराच अधिक.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. पाणी चढू लागताच धोका टाळण्यासाठी वीज तोडावी लागते, आणि ओसरल्यावरही सगळे तपासून होईपर्यंत जोडता येत नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या दिवसांत माळ्यावर अडकलेल्यांना लागत होता तो अंगणातला झगमगाट नव्हे. हातात धरता येईल असा एक कंदील, आणि त्यालाच मोबाइल भरावयाची सोय. कृष्णा-वारणेच्या काठच्या कुटुंबांना माझी विनंती आहे की घरात असा एक कंदील असू द्यावा, तो जूनपूर्वी एकदा पूर्ण भरून, दोन रात्री लावून पाहावा, आणि तो विजेवरही भरता येतो याची खात्री करून घ्यावी. पुराच्या दिवसांत ऊन असेलच असे नाही. खालच्या मजल्याच्या भिंतीला ठोकलेला महागडा दिवा पाण्याखाली जातो.

नवीन दिव्याची आषाढातील परीक्षा डिसेंबरमध्येही घेता येते. दिवा दोन दिवस उन्हात पूर्ण भरू द्यावा. मग पॅनेलवर जाड गोणपाट टाकून दोन दिवस झाकून ठेवावे. काही दिवे पॅनेल झाकताच रात्र समजून दिवसाही पेटतात. त्यांचे बटण दिवसा बंद ठेवावे. दुसऱ्या रात्री दहा वाजता दिवा जळत असेल तर तो ठेवून घ्यावा; विझला असेल तर बदलून मागावा. दुकानदाराशी खरेदीच्या वेळीच तसे बोलून ठेवले तर पुढे वाद होत नाही.

आमच्या आवारात आम्ही हे सर्व न करताच एका डिसेंबरात '२०० वॅट'चे तीन 'फोकस' लावले होते. माझ्या बालपणी मध्यरात्रीच्या मिस्सेला पेट्रोमॅक्सच्या फुसफुसणाऱ्या उजेडात लोक येत. त्यापुढे हा लखलखाट पाहून मी स्वतःच हरखून गेलो होतो. जूनमध्ये तिन्ही एकापाठोपाठ मंदावले. पुढील वर्षी दोनच दिवे नव्याने घेतले, ५-५ वॅटचे, पॅनेल वेगळे; एक फाटकाशी व एक दफनभूमीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर. तिसऱ्या जागी दिवा लावलाच नाही. तिथे रात्री कोणी जातच नाही, हे आमच्या तेव्हा लक्षात आले. आजींच्या मुलाने मात्र जुना दिवा फेकला नाही. त्याची पेटी उघडून वायर काढली, पॅनेल कौलांवर नेले आणि मोठी बॅटरी बसविली. आजी आता त्या दिव्याच्या उजेडात उतरतात, पण बॅटरी हातात असतेच. ती दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली आहे.